परदेशातील बाळंतपण आणि आजीचे नव्वद दिवस

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशात जन्मलेल्या भारतीय बाळांची बातमी आपल्याकडील वृत्तपत्रांत येते ती बहुधा काही विपरीत घडल्यावरच. २०११ मध्ये नॉर्वेतील स्टावांगर येथे एका भारतीय दांपत्याची दोन लहान मुले तेथील बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली. मुलांना हाताने भरवणे, आपल्याजवळ निजवणे अशी कारणे तेव्हा छापून आली, प्रकरण दोन्ही देशांच्या परराष्ट्र खात्यांपर्यंत गेले आणि एप्रिल २०१२ मध्ये मुले काकांबरोबर भारतात परतली. पुढे २०२१ मध्ये बर्लिनमध्ये एका भारतीय दांपत्याच्या तान्ह्या मुलीलाही यंत्रणेने ताब्यात घेतले. या बातम्या द्यायलाच हव्या होत्या, याविषयी दुमत नाही. परंतु परदेशातील बाळंतपण म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाला तेवढेच आठवावे, हे मला काळजीचे वाटते. कारण या भीतीचा परिणाम नेदरलँड्समधल्या मराठी घरांत मी स्वतः पाहते आणि तो बाळाच्या हिताचा नसतो.

मी नेदरलँड्समधील आइंडहोवन शहरात राहते. शेजारच्या फेल्डहोवनमध्ये चिप बनवण्याच्या यंत्रांचा जगप्रसिद्ध कारखाना आहे. तो आणि त्याच्या आधाराने वाढलेले उद्योग यांमुळे पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर इथली अनेक तरुण कुटुंबे या भागात स्थिरावली आहेत. माझी मुलगी इथेच जन्मली आणि तिच्यानंतर ओळखीतल्या कित्येक बाळंतपणांना मी हाताशी राहिले आहे. त्या अनुभवावरून मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी इकडे निघालेल्या आयांना आणि सासवांना मला कळकळीने सांगायचे आहे, की प्रसूतीच्या तारखेआधी येऊन बसू नका, बाळ आठवड्याचे होत आले की या. आणि आल्यावर इथल्या परिचारिकेपासून काहीही लपवू नका.

पहिली गोष्ट ऐकायला कठोर वाटेल. लेकीला कळा सुरू झाल्या आणि आई जवळ नाही, ही कल्पनाच आपल्याकडे सहन होत नाही. पण इथली व्यवस्था समजून घेतली, तर मी असे का म्हणते ते लक्षात येईल. नेदरलँड्समध्ये गर्भारपण निर्वेध असेल तर ते डॉक्टरांकडे जातच नाही; चार वर्षांचे पदवी शिक्षण घेतलेली सुईण शेवटपर्यंत सर्व पाहते आणि आजही अनेक डच स्त्रिया घरीच बाळंत होतात. रुग्णालयात प्रसूती झाली आणि सारे ठीक असले, तर बाळ-बाळंतिणीला काही तासांतच घरी पाठवतात. पुण्यात तीन-चार दिवस रुग्णालयात राहण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना हा पहिला धक्का असतो. मात्र घरी पाठवल्यानंतर त्या दोघांना वाऱ्यावर सोडत नाहीत. ‘क्रामझोर्ग’ नावाच्या सेवेची प्रशिक्षित परिचारिका दुसऱ्या दिवसापासून, कित्येकदा त्याच दिवशी, घरी येऊ लागते. साधारण आठ दिवसांत मिळून ४९ तास ही सर्वसाधारण मात्रा आहे. किमान २४ तास मिळतात आणि गरज मोठी असेल तर ८० तासांपर्यंत वाढवता येतात. खर्च मूलभूत आरोग्यविम्यातून होतो, आपल्याला तासाला पाच युरोंच्या आसपास भरावे लागतात. अट एवढीच, की नावनोंदणी गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच करायला हवी, कारण अलीकडे परिचारिकांची टंचाई आहे आणि उशीर करणाऱ्यांच्या वाट्याला तास कमी येतात.

ही परिचारिका काय करते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. ती येण्याआधी पलंगाच्या चारही पायांखाली ठोकळे घालून तो जमिनीपासून ७० ते ८० सेंटिमीटर उंच करावा लागतो. दिवसभर वाकून काम करणाऱ्या तिच्या पाठीसाठी हा नियम आहे आणि तो पाळला जातो. सकाळी आली की ती आधी हात धुते, बाळाचा आणि आईचा ताप पाहते, बाळाला उघडे करून तराजूत ठेवते, नाळ तपासते, आईच्या पोटावर हात ठेवून गर्भाशय किती खाली उतरले ते चाचपते, टाके पाहते. रात्रीतून किती वेळा पाजले, किती लंगोट ओले झाले, शी कोणत्या रंगाची झाली हे सगळे विचारून वहीत लिहिते. मग आईच्या शेजारी बसून बाळाला अंगावर नीट धरायला शिकवते. त्यानंतर न्हाणीघर आणि शौचालय स्वच्छ करते, कपडे यंत्रात टाकते, आईला दुपारचे खाणे करून देते. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई, दवाखान्यातली नर्स आणि घरातली जाणती काकू या तिघींचे काम ती एकटी करते, असे म्हटले तरी चालेल. ती वही पुढे सुईणीच्या हाती जाते आणि तीत काही वावगे दिसले तर सुईण त्याच दिवशी घरी येते.

आता आजीच्या दिवसांचा हिशेब पाहू. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसावर, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. हा व्हिसा मिळवण्यासाठी ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा, मुलाचे वा जावयाचे निमंत्रणपत्र, पगाराच्या पावत्या असे बरेच सोपस्कार करून ही मंडळी येतात, आणि बहुतेक जण तारखेच्या पंधरा-वीस दिवस आधी येतात. पहिलटकरणीची तारीख पुढे सरकली तर आणखी आठवडा जातो. म्हणजे बाळ जन्मण्यापूर्वीच नव्वदातला जवळपास चौथा हिस्सा संपलेला असतो. मग येतो तो आठवडा, जेव्हा घरात परिचारिका आहे, सुईण आहे, वडिलांना पूर्ण पगारी रजा आहे आणि आजी-आजोबाही आहेत. छोट्याशा सदनिकेत सहा मोठी माणसे एका अडीच-तीन किलोच्या जिवाभोवती उभी असतात आणि बाळंतिणीला डोळा मिटायला जागा नसते. या उलट दहाव्या-अकराव्या आठवड्यात, बाळ संध्याकाळी तास-दोन तास किंचाळून रडते, वडील कामावर रुजू झालेले असतात, हिवाळ्यात बाहेर साडेचारलाच अंधार पडू लागतो, तेव्हा आजी परतीच्या विमानात बसलेली असते. तिची गरज खरी असते ती तेव्हा. म्हणून क्रामझोर्गचे शेवटचे दोन दिवस आणि आजीचे पहिले दोन दिवस एकत्र यावेत, परिचारिकेने सारे आजीच्या हाती समजावून सोपवावे आणि तिथून पुढचे जवळपास तीन महिने आजीचे असावेत, असे मी सुचवते. घरात मोठे मूल असेल, जुळी असतील, सिझेरियन आधीच ठरले असेल किंवा प्रकृतीची काही गुंतागुंत असेल तर आधी यावे, हे उघडच आहे.

याचा आणखी एक लाभ आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. जुलै २०२० पासून इथे बाळाच्या वडिलांना पूर्ण पगाराच्या एका आठवड्याशिवाय, पहिल्या सहा महिन्यांत आणखी पाच आठवडे ७० टक्के वेतनावर रजा घेता येते. परिचारिका येते तेव्हा ती वडिलांना बाजूला उभे राहू देत नाही. बाळाला आंघोळ कशी घालायची, मान कशी सावरायची, लंगोट नाळेच्या खाली कसा दुमडायचा हे ती त्यांच्याच हातून करवून घेते. घरात आई आणि सासू दोघी असल्या, की आपला मराठी मुलगा आपोआप बाहेरच्या खोलीत जातो आणि किराणा आणणे, फोन घेणे, फोटो पाठवणे एवढेच काम त्याच्याकडे उरते. तो नाखूश असतो असे नाही. त्याला कोणी बोलावत नाही. पहिला आठवडा तिघांचाच राहिला तर तो बाप म्हणून तयार होतो, आणि आजी परत गेल्यावर त्या घराला त्याचा जो आधार होतो, तो मी अनेक घरांत पाहिला आहे.

दुसरी गोष्ट लपवण्याची. नॉर्वेची बातमी वाचून आलेली आजी परिचारिकेकडे पोलिसासारखी पाहते. बाळाला काजळ घातले असेल तर ती येण्याआधी पुसले जाते, गुटीची सहाण ओट्याखाली सरकवली जाते, मोहरीची उशी कपाटात जाते. एका घरातला प्रसंग सांगते. पाचव्या दिवशी बाळ फार झोपत होते, अंगावर ओढत नव्हते आणि वजन वाढायचे थांबले होते. परिचारिकेने पुन्हा पुन्हा विचारले, की दुधाव्यतिरिक्त बाळाला काही दिले आहे का, आणि प्रत्येक वेळी तिला नाही असेच सांगण्यात आले. अखेर मुलीनेच धीर करून आईकडे पाहिले आणि म्हणाली, “आई, सांगून टाकू का?” सहाण, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, वेखंड, सुंठ, खारीक, सगळे टेबलावर आले. परिचारिका रागावली नाही. तिने एकेक वस्तू हातात घेऊन वास घेतला, कशाचे किती वेढे उगाळतात ते विचारले, वहीत लिहिले आणि सुईणीला फोन केला. ती पुढे जे म्हणाली ते प्रत्येक आजीने लक्षात ठेवावे असे आहे. कावीळ वाढल्यामुळे पेंगुळलेले बाळ आणि जायफळामुळे पेंगुळलेले बाळ वरून सारखेच दिसते. मला माहीतच नसेल, तर यातले कोणते आहे हे मी कसे ओळखू? त्या दिवशी बाळाचे रक्त तपासले गेले, सारे ठीक निघाले, गुटी थांबली आणि बाळ पुन्हा पिऊ लागले. त्यावरून ना कोणी कुठे तक्रार केली, ना कोणी मूल उचलून नेले.

गुटी, मध, पाणी, काजळ यांना इथे नकार मिळतो तेव्हा ‘यांना आपली संस्कृती कळत नाही’ असा सूर लागतो. तो मला पटत नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते तसेच भारताचे आरोग्य मंत्रालयही सांगते, आणि साताऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली आशाताईही तेच सांगते. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाला ते बाधत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. बाजारातल्या काही काजळांत आणि सुरम्यांत शिसे सापडलेले आहे आणि शिसे वाढत्या मेंदूला घातक असते. या गोष्टी कोल्हापुरातही तितक्याच खऱ्या आहेत. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल, तर तळपायाला कुंकवाचा ठिपका लावणारी एक समंजस आजी मला माहीत आहे. परिचारिकेला तो ठिपका आवडला आणि तिने त्याचे कारणही विचारून घेतले.

झोपवण्याच्या बाबतीत डच परिचारिका सर्वांत ठाम असते आणि त्यामागे या देशाचे एक मोठे दुःख आहे. १९७० च्या दशकात इथे बाळांना पालथे झोपवण्याचा सल्ला रूढ झाला आणि त्यानंतर धडधाकट बाळे झोपेतच दगावण्याचे प्रमाण वाढत गेले. बालरोगतज्ज्ञ खूस द योंगे यांनी हा संबंध ओळखला आणि १९८७ मध्ये पालथे झोपवू नका असा जाहीर इशारा दिला. त्यानंतरच्या वर्षांत हे मृत्यू झपाट्याने घटले आणि इतर देशांनीही तोच मार्ग धरला. तेव्हापासून बाळाला उताणे झोपवणे, त्याच्याजवळ उशी, दुलई, मऊ खेळणी न ठेवणे, खोली फार गरम न करणे आणि निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत पण स्वतःच्या बिछान्यावर ठेवणे, हे इथे प्रत्येक आईला पाठ असते. आपल्या पाळण्यात बाळ पिढ्यान्‌पिढ्या उताणेच झोपत आले आहे, तेव्हा मुख्य मुद्द्यावर आजी आणि परिचारिका एकाच बाजूला आहेत. फरक पडतो तो टोपडे, लोकरीचे मोजे आणि वर दुपटी यांवरून. बाहेर पाच अंश तापमान असले तरी घर उबदार असते. आत बाळाला टोपी घातली, तर त्याची जास्तीची उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही, कारण लहान बाळ बरीचशी उष्णता डोक्यावाटे टाकते. मोहरीच्या उशीने डोके गोल होते की नाही, या वादात मी पडत नाही. झोपेत ती बाळाच्या नाकाशी येऊ शकते, एवढे कारण मला ती बाजूला ठेवायला पुरेसे वाटते.

पण सोडण्याच्या गोष्टींहून ठेवण्याच्या गोष्टी कितीतरी अधिक आहेत, आणि हे आपल्याकडे कोणी लिहीत नाही. बाळाची मालिश घ्या. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लेबॉयर यांनी कोलकात्यात शांतला नावाच्या एका आईला आपल्या बाळाला पायांवर घेऊन तेल लावताना पाहिले आणि तिची पद्धत युरोपात नेली. आज नेदरलँड्समध्ये ‘शांतला’ याच नावाने बाळ-मालिशीचे वर्ग चालतात आणि डच आईबाप शुल्क भरून ते शिकतात. ज्या आजीला वाटते की मालिशीला इथे हरकत घेतील, तिने ती परिचारिकेसमोर बिनधास्त करावी. हात हलका ठेवावा, टाळूवर दाब देऊ नये, नाकात-कानात तेल घालू नये, बस्स. परिचारिका उलट आणखी दाखवा म्हणते.

शेकाचेही तसेच. निखाऱ्यांची शेगडी आणि ओव्याची धुरी इथल्या बंद घरात नको, कारण धूर बाळाच्या फुप्फुसांना वाईट, आणि जुलै २०२२ पासून प्रत्येक घराच्या प्रत्येक मजल्यावर धूरसूचक यंत्र सक्तीचे असल्याने दोन मिनिटांत सगळी इमारत जागी होईल. पण ऊब द्यायची पद्धत डचांकडेही आहे. धातूच्या बाटलीत गरम पाणी भरून, तिला कापडी पिशवी चढवून ती बाळाच्या पायगती ठेवतात. बाटलीचे तोंड बाळापासून दूर असते आणि मधे निदान हाताच्या रुंदीएवढे अंतर राखतात. बाळंतिणीच्या कमरेला शेकायलाही तीच बाटली चालते.

खाण्याच्या बाबतीत तर दोन्हीकडची माणसे शेजारी वाटावीत इतके साम्य आहे. बाळ झाले की डच घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला गोल कडक टोस्टवर लोणी लावून, वर साखरेत घोळवलेली बडीशेपेच्या जातीची बी पसरून देतात; मुलगी असेल तर गुलाबी-पांढरी, मुलगा असेल तर निळी-पांढरी. ही बी खाल्ल्याने आईला दूध येते, अशी जुनी समजूत आहे. बाळंतशोप घेऊन आलेल्या आजीला हे सांगितले की तिचा चेहरा खुलतो. अळिवाची कोवळी रोपे इथल्या दुकानांत खोक्यात लावून विकतात आणि ब्रेडवर चिरून खातात. अळीव, डिंक, बाजरीचे पीठ, खारीक भारतीय दुकानांत मिळतात. हेगमध्ये तर मेथी, शेपू, गवार यांना कधीच तोटा नसतो, कारण १८७३ पासून मजूर म्हणून दक्षिण अमेरिकेतील तेव्हाच्या डच वसाहतीत, सुरिनामला, नेलेल्या हिंदुस्तानी कुटुंबांचे वंशज १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास मोठ्या संख्येने इथे आले आणि त्यांनी बाजार उभे केले. तेव्हा लाडवांच्या डब्यांनी बॅगा भरण्यापेक्षा जुन्या मऊ सुती साड्या आणि दुपटी आणावीत. ती इथे कुठेच मिळत नाहीत.

बारशाविषयी मात्र घरात आधी बोलून ठेवायलाच हवे. नेदरलँड्समध्ये बाळाच्या जन्माची नोंद तीन दिवसांच्या आत नगरपालिकेत करावी लागते (मधे सुटी आली तर मुदत थोडी सरकते) आणि ती नावासकटच होते. बाराव्या दिवशी आत्याने कानात नाव सांगेपर्यंत थांबणे कायद्याला मान्य नाही. अनेक घरांत तिसऱ्या दिवशी पत्रिका, आद्याक्षर, आजोबांची पसंती आणि आत्याचा रुसवा हे सारे एकाच वेळी फोनवर सुरू असते आणि टाक्यांनी बेजार झालेली आई ते ऐकत पडलेली असते. नाव सातव्या महिन्यातच ठरवावे. वडिलांचे नाव मधे लावायचे की नाही, आडनावाचे रोमन लिपीतले स्पेलिंग पासपोर्टाशी जुळते की नाही, हेही तेव्हाच पाहावे. नोंद आधी झाली म्हणून बारशाचा आनंद कमी होत नाही. बाराव्या दिवशी पाळणा सजतो, घुगऱ्या होतात, आत्या पडद्यावरून का होईना ‘कुर्रर्र’ करते. याच ओघात एक महत्त्वाचे सांगते. भारतीय आईबापांचे इथे जन्मलेले मूल आपोआप डच नागरिक होत नाही. त्याचा जन्म एका वर्षाच्या आत हेगमधील भारतीय दूतावासात नोंदवावा लागतो, मगच त्याला भारतीय पासपोर्ट मिळतो आणि त्यावर इथला निवास परवाना. हे झाल्याशिवाय पहिल्या दिवाळीची तिकिटे काढू नयेत.

आता मूल काढून नेण्याच्या भीतीविषयी. ती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. याच देशात पाळणाघराच्या भत्त्याच्या प्रकरणात हजारो पालकांना, त्यांत परदेशी मुळाच्या अनेकांना, खोटेपणाने फसवणूक करणारे ठरवण्यात आले आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यावरून मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. यंत्रणा चुकतात आणि परक्याच्या बाबतीत अधिक सहज चुकतात. परंतु परिचारिका, डॉक्टर, शिक्षक यांना बाळाविषयी शंका आली तर काय करावे, याची २०१३ पासून कायद्याने बंधनकारक केलेली पाच पायऱ्यांची पद्धत इथे आहे. आधी दिसलेल्या खुणा लिहून काढायच्या, मग सहकाऱ्याचा सल्ला घ्यायचा, मग आईबापांशी बोलायचे, मग धोका किती ते तोलायचे आणि त्यानंतर यंत्रणेला कळवायचे की मदत द्यायची हे ठरवायचे. या साखळीतली तिसरी पायरी आपल्या हातात आहे. जे घर मोकळेपणाने बोलते, कारणे सांगते, विचारते, त्या घराविषयीच्या बहुतेक शंका तिथेच मिटतात. ज्या घरात प्रश्नाला गप्पांनी बगल दिली जाते आणि नंतर वस्तू लपवलेल्या सापडतात, त्या घराविषयी परिचारिकेला काळजी वाटू लागली, तर मी तिला दोष देणार नाही. भाषा आड येत असेल तर दुभाषी मागता येतो आणि इंग्रजी तर इथे जवळपास सर्वांनाच येते. आजीला ते येत नसेल तर मुलीने तिचे म्हणणे पूर्ण सांगावे, अर्धे गाळून नव्हे.

आजी परत गेल्यानंतरच्या दिवसांविषयी लिहिल्याशिवाय मला थांबता येत नाही. इथे नोकरी करणाऱ्या आईला बाळंतपणाची १६ आठवड्यांची रजा मिळते, त्यांतले काही आठवडे प्रसूतीपूर्वीच जातात, आणि म्हणून डच बाळे तीन महिन्यांची होताच पाळणाघरात जाऊ लागतात. आपल्या अनेक मुली नवऱ्याच्या परवान्यावर आलेल्या असतात आणि त्यांना अद्याप नोकरी नसते. त्यांना पाळणाघराचा भत्ताही मिळत नाही, कारण तो आईबाप दोघेही काम करत असतील किंवा शिकत असतील तरच मिळतो. ही मुलगी दिवसाचे दहा तास एका बाळाबरोबर एकटी असते. माहेरच्या वाड्यात किंवा सोसायटीत दाराशी कोणीतरी डोकावत असते. इथे कळवल्याशिवाय कोणी दार वाजवत नाही. सतत रडू येणे, बाळाविषयी काहीच न वाटणे, झोप उडणे ही लक्षणे तिला दिसली तर तिने ती बालआरोग्य केंद्रात बोलून दाखवावी. तिथे बाळाची वाढ आणि लसी पाहतात तसेच आईची विचारपूसही करतात आणि ती औपचारिक नसते, मनापासून असते. आपल्याकडची जन्मल्याबरोबर दिली जाणारी बीसीजी लस इथे सर्वांना देत नाहीत, पण आई किंवा वडील क्षयरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या देशातले असतील तर बाळाला ती मिळते, हेही तिथेच विचारावे. सूर्यप्रकाश कमी असल्याने ड जीवनसत्त्वाचे १० मायक्रोग्रॅमचे थेंब रोज द्यायचे असतात आणि चार वर्षांपर्यंत ते चुकवायचे नसतात. त्याच केंद्रातली माणसे आईबापांना सांगतात, की बाळाशी घरात तुमच्याच भाषेत बोला, डच ते पाळणाघरात आणि शाळेत शिकेल. मोडक्या डचमध्ये बाळाशी बोलण्याचा प्रयत्न करणाऱ्या मराठी आयांना हे ऐकून केवढा दिलासा मिळतो! आजीनेही रोज ठरल्या वेळी पडद्यावर यावे, सल्ला देण्यासाठी नव्हे, ओव्या आणि बडबडगीते म्हणण्यासाठी. त्या अर्ध्या तासात लेक आंघोळ करून येते.

आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. दर वर्षी महाराष्ट्रातून कितीतरी आजी-आजोबा युरोपात, अमेरिकेत, आखाती देशांत आणि ऑस्ट्रेलियात बाळंतपणासाठी जातात आणि त्यांच्यासाठी सोप्या मराठीत माहिती कुठेही एकत्र मिळत नाही. महाराष्ट्रातील बालरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याकडून तपासून घेतलेली, देशागणिक वेगळी अशी एक लेखमाला आपण चालवावी. त्या-त्या देशात घरी येणारी परिचारिका कोण, तिला काय सांगायचे, नाव कधी नोंदवायचे, लसी कोणत्या, व्हिसाचे दिवस कसे वापरायचे, एवढे जरी त्यात आले तरी पुष्कळ घरांतली धास्ती ओसरेल. नेदरलँड्सचा भाग लिहून द्यायला मी आणि आइंडहोवन व आम्स्टेलफेनमधल्या माझ्या काही मैत्रिणी तयार आहोत. ओळखीतल्या एका परिचारिकेनेही तो वाचून दुरुस्त करून देण्याचे मान्य केले आहे, तिच्यासाठी तेवढे आम्ही डचमध्ये करून घेऊ.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक मराठी आई
आइंडहोवन, नेदरलँड्स